मुक्या जागांचा नकाशा

माझ्या नाकावर राग असतो. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो त्रास नको. सिमेंटच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बसून मला सोळा वर्षं झाली. समोर पडदे, डाव्या हाताला वायरलेसचा मोठा सेट, आणि कारखानाभर पांगलेले साठेक लोक हातात लहान सेट घेऊन दिवसभर माझ्या कानाशी बोलत असतात. भट्टी तापली, पट्टा थांबला, ट्रक अडकला, चहा कुठे राहिला. कुणाचंही डोकं फिरेल. माझं जरा लवकर फिरतं, एवढंच.

ह्या सगळ्या सेटांची देखभाल ज्यांच्याकडे होती, त्यांना आम्ही हॅलोमास्तर म्हणायचो. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम एक खोडरबर. नवीन माणसाला वाटायचं, हिशेबनीस असावेत. पण ते खोडरबर बॅटरीच्या पितळी टिकल्या पुसायला होतं. "सेट बिघडत नाही हो, मळतो," असं म्हणत ते बॅटरी उलटी करायचे, टिकल्या लख्ख घासायचे, आणि निम्मे 'बिघडलेले' सेट तिथल्या तिथे बोलायला लागायचे. प्रत्येक बॅटरीवर त्यांनी पांढऱ्या रंगानं तारीख घातलेली असायची. ती तिची जन्मतारीख. तीन वर्षांची झाली की बॅटरी कामावरून कमी. मग कुणी कितीही गयावया करो, "चांगली चालतेय हो मास्तर," ते ऐकायचे नाहीत.

माझा पहिला दिवस मला अजून आठवतो. मी खुर्चीत बसले आणि ते दारात उभे.

"बाई, तुम्हाला बोलता येतं का?"

"नाही, मुकी आहे. म्हणूनच घेतलंय मला," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "बटण दाबायचं. मनात एक म्हणायचं. मग तोंड उघडायचं. नाहीतर पहिला शब्द वाटेतच राहतो. आणि झालं की बोट काढायचं. तुमचं बोट बटणावर आहे तोवर बाकीचे साठ जण मुके असतात, एवढं ध्यानात ठेवा."

असा माणूस. आठवडाभर त्यांनी माझी शाळा घेतली. चॅनल म्हणजे काय, एरियल उंचावर का, एरियलच्या वायरीच्या जोडात पाणी शिरलं तर सेट नवाकोरा असूनही आवाज का मरतो, सगळं. उंदराला शेपटीनं धरतात तसा सेट एरियलला धरून कुणी जाताना दिसला, की मास्तर लांबूनच हात जोडायचे: "अरे बाबा, मान आहे ती त्याची!"

दोन गोष्टी त्यांनी अशा सांगितल्या, की त्या वेळी मी जांभई दिली होती. पहिली स्क्वेल्चची. मोठ्या सेटवर एक लहान बटण असतं, फिरवायचं. ते पूर्ण उघडलं की सेट नुसता खरखरत राहतो, घट्ट केलं की खरखर जाते. "ही चाळणी आहे बाई. घट्ट केलीत तर खरखर अडते, पण कुणाचा क्षीण आवाज येत असेल तर तोही अडतो. तुम्हाला वाटेल कुणी बोलतच नाहीये." दुसरी गोष्ट कॅरियरची. "नुसतं बटण दाबलं, तोंड उघडलंच नाही, तरी सेट काहीतरी पाठवतच असतो. तो घोडा. बोलणं त्याच्यावर बसून येतं. लांबच्या वाटेत स्वार पडतो कधीकधी. पण रिकामा घोडा येऊन पोचतो."

"आणि तो ओळखायचा कसा? खिंकाळतो?"

"नाही. गप्प बसतो. खरखर चालू असते ना, ती एकदम खाली बसते."

मी मान डोलावली आणि मास्तर जाताच चाळणी घट्ट करून टाकली. दिवसभर खरखर ऐकायला माझे कान काही भाड्यानं आणलेले नव्हते.

आता त्यांच्या फेरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळे. वर्षातून दोनदा मास्तर हातात सेट घेऊन सगळा कारखाना पायी फिरायचे. भट्टीचा मनोरा, कोळशाची शेड, दगडाच्या ढिगांखालून जाणारे दोन बोगदे, लांब टोकाचा पाण्याचा खड्डा. भिंतींवर त्यांनी स्वतः आकडे रंगवले होते, एकूण शंभरावर. प्रत्येक आकड्यापाशी थांबायचं आणि म्हणायचं, "जागा सव्वीस. एक, दोन, तीन, चार, पाच. कसं येतंय?" वर बसून मी सांगायचं: स्वच्छ असेल तर 'पाच', जेमतेम असेल तर 'दोन', काहीच नसेल तर गप्प. गप्प राहिले की ते सेट घेऊन मागे यायचे आणि विचारायचे. मग वहीत नकाशा काढायचे. जिथून आवाज येत नाही ती मुकी जागा, तिथे लाल खूण. अशा जागी एकट्यानं जायचं नाही, हा त्यांचा नियम.

दोन दिवस चालायची ही फेरी. दोन दिवस मी 'पाच, पाच, पाच' करत बसायची. कान किटायचे. कारखान्यातले लोकही हसायचे, मास्तरांची प्रदक्षिणा निघाली म्हणून. वरच्या साहेबांनी तर तोंडावर सांगितलं होतं, की नव्या सेटांना ह्याची गरज नाही. मास्तर म्हणाले, "सेट नवे आहेत साहेब. भिंती जुन्याच आहेत." आणि चालायला लागले.

त्यांची शेवटची फेरी होती ती. महिन्याभरात निवृत्त व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोन नंबरच्या बोगद्यात होते आणि इकडे माझ्या मोबाइलवर माझी नणंद. विषय काय, तर तिनं नेलेलं आमचं मिक्सरचं भांडं. चार महिने झाले, परत नाही, आणि वर मलाच म्हणते की तुमचंच झाकण सैल होतं! मी मोठ्या सेटचा आवाज बारीक केला. दर अर्ध्या मिनिटानं बटण दाबून 'पाच' म्हणत राहिले. सोळा वर्षांत मास्तरांचा ठेका मला पाठ झाला होता आणि त्या बोगद्यातून आजवर पाचच यायचा, चुकणार कशाला? बोगद्यातून निघून ते वर आले तेव्हा मी फोन खाली ठेवत होते. त्यांनी आवाजाच्या बटणाकडे एकदा बघितलं.

"झालं बाई. दमला असाल."

"छे हो," मी म्हटलं, आणि नोंदवहीत ठोकून दिलं: बोगदा दोन, सगळीकडून पाच. त्यांची नकाशावही तीन आठवड्यांनी माझ्या सहीला आली. मी न उघडता सही केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. निरोपसमारंभाला मी होते, पण केक कापेपर्यंतच. नंतर मला बस होती.

आमचे हे त्याच कारखान्यात पंप-फिटर. आमचं लग्नही तिथलंच म्हणायचं, कॅन्टीनमध्ये जमलेलं. घरात मी बोलते आणि हे ऐकतात, असं लोक म्हणतात. ऐकतात कसले, हूं हूं करतात.

मास्तर निवृत्त झाल्यावर एका रविवारी आम्हा दोघांचीही ड्यूटी होती. रविवारी निम्माच स्टाफ. दुपारी दोनच्या सुमारास ह्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पंप बघायला', आणि गेले. कुठला पंप? आमच्याकडे तीन आहेत: दोन बोगद्यांत एकेक, आणि तिसरा लांबच्या खड्ड्यावर. पण सविस्तर लिहितील तर ते आमचे हे कसले!

तीन वाजले. मी हाक मारली. उत्तर नाही. सव्वातीनला पुन्हा. "अहो, झोपलात की काय? उचला की!" काही नाही. साडेतीनला माझा आवाज चढला होता, आणि खरं सांगते, तो रागाचा नव्हता. रोज हूं तरी करतात.

शिफ्टचे साहेब आले. तरुण आहेत, पण माणूस शहाणा. म्हणाले, "बोगद्यातले पंप बंद असतील तर आत पाणी चढत असणार. वेळ घालवून चालणार नाही. आत उतरायला माझ्याकडे चारच माणसं आहेत आणि हवा तपासायचं यंत्र एकच. एका वेळी एकच ठिकाण." त्यांनी माझी नोंदवही ओढली, पान उलटलं. "दोन नंबरच्या बोगद्यातून सगळीकडून पाच. तिथे असते तर उत्तर आलं असतं. खड्ड्यावर आणि एक नंबरला जेमतेम दोन आहे, म्हणजे ते खड्ड्यावर असणार, नाहीतर एक नंबरला. आधी खड्ड्यावर जातो."

खड्डा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. जायला-यायला पाऊण तास.

तो 'पाच' माझा होता. मिक्सरच्या भांड्यापायी दिलेला. चारही माणसं दारात बूट आवळत होती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कधीच कळलं नसतं.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"दोन नंबरचं. मी ऐकलंच नव्हतं. फोनवर होते. नुसतं पाच पाच म्हणत होते. तिथून आवाज येतो की नाही, मला ठाऊक नाही."

ज्यांना मी सोळा वर्षं सेटवरून झापत आले, ती माणसं माझ्याकडे बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. साहेब फक्त म्हणाले, "मास्तरांची वही कुठाय?"

ड्रॉवरमधून काढली. पान सापडेना. सापडलं तेव्हा मला आधी वाटलं, दुसरंच पान आहे. दोन नंबरच्या बोगद्यावर एकतीस ते चौतीस, चारही जागा लाल होत्या. पंप बसवलाय तो बरोबर तेहतिसाला. बाजूला मास्तरांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं:

'पुन्हा तपासलं. वरचा दगडाचा ढीग वाढलाय, बोलणं येत नाही. चाळणी पूर्ण उघडली तर बटण दाबलेलं कळतं, खरखर बसते. वरून बोललेलं खाली ऐकू जातं. ऐकणारी: घरची.'

ते नीट समजून घ्यायला वेळ नव्हता. मी चाळणी उघडली, अगदी शेवटपर्यंत. खरखर खोलीभर पसरली. सोळा वर्षं जिला मी शिव्या दिल्या, तीच. आम्ही सहा जण तिच्याकडे कान लावून उभे होतो.

आणि ती बसली.

कुणी तव्यावर झाकण ठेवावं तशी एकदम खाली बसली. मग वर आली. पुन्हा बसली, पुन्हा वर. घोडा होता. रिकामा घोडा, पण येत होता.

मी बटण दाबलं. मनात एक म्हटलं. मास्तरांनी शिकवलं तसं. "अहो, मी बोलतेय. ऐकू येत असेल तर दोनदा दाबा."

खरखर बसली. वर आली. बसली. वर आली.

"दोन नंबरच्या बोगद्यात असाल तर तीनदा दाबा."

एक. दोन. तीन.

तिसऱ्यांदा खरखर वर यायच्या आत साहेब आणि ती चार माणसं जिन्यावर होती. मी एकटी उरले. आणि मग पुढची चाळीस मिनिटं मी बोलत राहिले. दर मिनिटाला विचारायचं, आहात ना? खरखर बसायची. मध्येच एकदा बसायला वेळ लागला, तेव्हा मी काय काय बोलले ते सगळ्या चॅनलनं ऐकलं. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही आणि निम्मं मी लग्नाच्या पंधरा वर्षांत ह्यांना कधी म्हटलं नव्हतं. मग सेटवर साहेबांचा स्वच्छ आवाज आला, बोगद्याच्या तोंडावरून: "बाई, सापडले. पाय जाळीत अडकलाय, पाणी छातीपर्यंत. पण शुद्धीवर आहेत. हात वर करून सेट धरलाय." माझ्या जिवात जीव आला, आणि तेव्हा कुठे मी रडले.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. ह्यांना आम्ही दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "पहिल्यांदाच असं झालं, की मला उत्तर द्यायचं होतं आणि देता येत नव्हतं." मग म्हणाले, "बॅटरीवर तारीख बघत होतो गं. मास्तरांच्या हातची. दोन वर्षांची होती. म्हटलं, पुरेल."

ह्यांना कुबड्या घेऊन चालता येऊ लागलं त्याच आठवड्यात आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत कुंड्या, टेबलावर कुणाचा तरी उघडलेला रेडिओ. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि ठरवून आणलेलं सगळं भाषण विसरले. सरळ मास्तरांचे पाय धरायला वाकले.

"अहो अहो, हे काय!" ते खुर्चीसकट मागे सरकले.

"मास्तर, त्या दिवशी मी ऐकत नव्हते. खोटं पाच दिलं तुम्हाला."

"माहीत आहे मला."

मी वर बघितलं.

"एकतिसाव्या जागेला मी सेट बंद केला होता," ते म्हणाले. "प्रत्येक फेरीत एका जागी करतो. दरवेळी वेगळी जागा. ऐकणारा ऐकतोय का, तेही तपासावं लागतं ना. सेट चालू केला तर तुमचा पाच पूर्ण होत होता."

"मग बोलला का नाहीत? साहेबांना सांगायचं. मला झापायचं तरी!"

मास्तरांनी खिशातलं खोडरबर काढलं, हातात फिरवलं. "सोळा वर्षं झाली बाई. बत्तीस फेऱ्या. एकतीस फेऱ्यांत मी जिथे जिथे सेट बंद केला तिथे तिथे तुम्ही गप्प राहिलात. एकदाही चुकला नाहीत. कटकट केलीत, पण ऐकलंत. एका दुपारसाठी मी तुमचं नाव खराब करू? माणूस दमतो कधीतरी. म्हटलं, बोगदा पुन्हा चालून येऊ, त्यात काय."

"त्यात काय म्हणे!" काकू आतून चहा घेऊन आल्या. "तुम्ही कामावर नसाल असे दोन रविवार ह्यांनी मला तुमच्या त्या खोलीत नेऊन बसवलं. परवानगी काढून. खरखर ऐकून डोकं उठलं माझं. हे खाली बोलतायत आणि वर मला काही कळत नाही. पण ते बटण दाबलं की खरखर बसायची, ते मीच पहिल्यांदा ह्यांना सांगितलं. ह्यांना वाटलं, मला भास होतोय."

"तुम्हाला कसं कळलं काकू? मला तर मास्तरांनी शिकवूनही..."

"अगं, ह्यांचं बोलणं मला घरातसुद्धा निम्मं कळत नाही," काकू कप पुढे करत म्हणाल्या. "पण हे गप्प बसले की लगेच कळतं. चाळीस वर्षांची सवय."

आमचे हे हसले. मी हसायला गेले आणि मला पुन्हा रडू फुटलं. किती जणांचं मी किती देणं लागते, हे मला त्या दुपारी गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघत बसल्यावर कळलं. तारखेसाठी भांडणारा माणूस, दोन रविवार खरखर ऐकणारी बाई, आणि माझ्या चुकीवर न बोलता केलेली दुरुस्ती. मी आभार मानले. एकदा नाही, चारदा मानले. मास्तर संकोचून म्हणाले, "बाई, बोट काढा आता. बाकीच्यांनाही बोलू द्या."

मी कारखान्यात जाऊन साहेबांना लेखी दिलं, माझी चूक आणि मास्तरांची दुरुस्ती, दोन्ही. मला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. वर मीच एक मागणं घातलं: फेरी बंद करायची नाही. चालायला कुणी नसेल तर मी चालते.

सहा महिन्यांनी मी निघाले. बूट, हेल्मेट, हातात सेट, खिशात खोडरबर. ह्यांचा पाय अजून लंगडतो, म्हणून ह्यांना वरचं काम दिलंय. कंट्रोलच्या खुर्चीत हेच बसले होते. चाळणी उघडी ठेवा, मी बजावून आले होते. "हूं," म्हणाले होते.

भट्टी झाली, कोळसा झाला. 'पाच, पाच' करत हे ऐकत होते की ठेका धरून बसले होते, देव जाणे. एक नंबरच्या बोगद्यात बाराव्या जागेपाशी मी थांबले, आणि सेट बंद केला. अंधुक दिव्याखाली उभी राहून मनात दहा मोजले. मग चालू केला.

"अगं, आहेस कुठे?" ह्यांचा आवाज सेटमधून फुटत होता. "बाराला काहीच येत नाहीये! खरखरही बसत नाहीये! मी माणसं पाठवतोय, ऐकू येतंय का? तू हलू नकोस तिथून!"

मला लगेच बटण दाबता येईना. भिंतीला टेकून वही उघडली आणि बाराव्या जागेसमोर लिहिलं: 'ऐकणारा: घरचा.'

मग बटण दाबलं, मनात एक म्हटलं, आणि सांगितलं, "आहे हो. येतेय."